परवाना नको असलेलं पिस्तूल

"पिस्तूल घ्यायचंय" हे वाक्य मराठी घरात रविवारच्या चहाच्या वेळी बोलू नये, हे मला आता कळलंय. आईने कप खाली ठेवला. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "लायसन्स?" मी म्हटलं, "लागत नाही." त्यावर घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. सोमवारी ऑफिसमध्ये सांगितलं तर तिथेही तेच. टीममधला एकजण म्हणाला, "म्हणजे कर्णपुऱ्याच्या जत्रेतलं फुगे फोडायचं?"

तसं बघितलं तर तो फार चुकला नव्हता. नवरात्रात कर्णपुऱ्याला फुगे फोडत नाही तो संभाजीनगरचा माणूस कसला! ती वाकड्या नळीची बंदूक आणि ऑलिंपिकमधलं १० मीटर एअर पिस्तूल, दोघांचा छर्रा ४.५ मिलिमीटरचाच. पण बाबांचा प्रश्न डोक्यात राहिला. ज्या देशात साध्या बंदुकीच्या परवान्यासाठी माणसं वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, तिथे ही एक वस्तू मोकळी कशी सुटली? शनिवार-रविवार त्यातच गेला. (क्लायंटचा एक बग तसाच राहिला, पण असो.)

सुरुवात लॉर्ड लिटनपासून करायला लागते. १८७८ साली या गृहस्थाने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा शस्त्रांचा. हिंदी माणसाला शस्त्र हवं तर सरकारची परवानगी, आणि गोऱ्यांना मात्र सूट. काँग्रेस पहिल्या काही वर्षांपासून या कायद्याविरुद्ध ठराव करत आली होती. गंमत म्हणजे १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना खुद्द गांधीजींनी इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत या कायद्याला सगळ्यात वर बसवलं होतं. अहिंसावाल्या माणसाला याचा राग का यावा, हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं की शस्त्र न वापरणं आणि शस्त्राला नालायक ठरवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपलं औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे लिटनचा कायदा इथे थेट लागू नव्हता. पण शस्त्राचा प्रश्न इथे आणखी कडवट होता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या हातात बंदुका आणि समोर गावकरी, ही आठवण मराठवाड्यात अजून सांगितली जाते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो अध्याय संपला. आईचा कप खाली का ठेवला गेला, त्याचं निम्मं उत्तर बहुतेक तिच्या आजोळी ऐकलेल्या गोष्टींत असावं.

आता या गोष्टीतला मराठी माणूस. गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादला, आणि ऊठबस गांधी-पटेलांच्या वर्तुळात. याच दादासाहेबांनी १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, खादी घालणारा माणूस नेमबाजीची संघटना काढतो, हे आज जरा विचित्र वाटतं. पण लिटनचा कायदा ज्या पिढीने भोगला, तिच्या दृष्टीने सामान्य नागरिकाने शिस्तीत बंदूक हातात घेणं हाही स्वातंत्र्याचाच भाग होता, असं मला वाटतं. आज नेमबाजी करणारी पोरं दादासाहेबांचं नाव रोज घेतात, पण ते सभापती होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या पात्रता स्पर्धेला त्यांचं नाव आहे, त्यामुळे रेंजवर "मावळंकर" हे माणसाचं नाव नसून परीक्षेचं नाव झालंय.

मावळंकर १९५६ मध्ये गेले. लिटनचा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच सुमारास एअरगनला परवान्यातून सूट मिळाली, पण त्याची चाचणी ऐका. मऊ लाकडाची इंचभर जाड फळी ठेवायची, जवळून गोळ्या झाडायच्या, आरपार गेल्या तर नापास. अर्धशतक भारत सरकारचं स्पेसिफिकेशन म्हणजे एक फळी! २०१६ च्या शस्त्र नियमांत तिच्या जागी आकडे आले. छर्रा ४.५ मिलिमीटरच्या आत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर विकत घेणाऱ्याला परवाना नको.

स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर साडेपाच ज्यूलच्या थोडं वर. मर्यादेच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. हे गणित मी बाबांना वहीत करून दाखवलं, तेव्हा कुठे पेपर परत वर गेला. अर्थात साडेपाच ज्यूल डोळ्याला पुरेसे असतात, म्हणून रेंजवर नियम कडक. पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे आणि बोट चापाबाहेर.

पण हवेवर चालणारं इतकं अचूक पिस्तूल बनवायची गरज मुळात कोणाला पडली? इथेही बंदीच आडवी येते, फक्त देश वेगळा. १९४५ नंतर दोस्तराष्ट्रांनी जर्मनीत शस्त्रनिर्मिती बंद केली. ओबेर्नडोर्फ या गावातला माउझरचा प्रचंड कारखाना फ्रेंचांच्या ताब्यात गेला आणि मोडला गेला. बंदुका सोडून दुसरं काही न येणारे इंजिनिअर बेकार झाले. त्यातल्या दोघांनी, वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर यांनी, १९४९ मध्ये फाइनवेर्कबाऊ नावाची कंपनी काढली. नावाचा अर्थ साधाच, बारीक यांत्रिक काम. पुढे खऱ्या बंदुकांच्या आधी हवेच्या बंदुकांना परवानगी मिळाली आणि सगळी अक्कल तिकडे वळली. वाल्थर कंपनीही पूर्व जर्मनीतून सगळं सोडून उल्मला आली होती, तीही एअरगनवरच पुन्हा उभी राहिली. तिचं एलपी ५३ हे एअर पिस्तूल तुम्ही पाहिलंय. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीत शॉन कॉनरीच्या गालाशी आहे ते! फोटोच्या दिवशी खरं पिस्तूल आणायचं राहिलं, आणि फोटोग्राफरला छंद होता नेमबाजीचा, म्हणून त्याचंच वापरलं. जेम्स बाँडसुद्धा बिनपरवान्याचाच निघाला :-)

१९६५ मध्ये फाइनवेर्कबाऊचं मॉडेल ६५ आलं. स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का बसतो, आणि छर्रा नळीत असतानाच बसतो, ही जुनी रड. यांनी नळीसकट वरचा सगळा भागच रुळांवर मागे सरकू दिला, म्हणजे हाताला कळायच्या आत छर्रा निघून गेलेला. मग १९७० मध्ये एअर पिस्तूल जागतिक स्पर्धेत आलं आणि १९८८ ला सोलमध्ये ऑलिंपिकमध्ये.

नवशिक्याला बाजारात जे दिसतं ते या इतिहासाचे थर आहेत. एका झटक्यात हवा भरायची पिस्तुलं, उदाहरणार्थ रशियातल्या इझेव्स्कचं आयझेड ४६, मजबूत आणि स्वस्त. पण सामन्यात ६० गोळ्या असतात आणि प्रत्येक वेळी लीव्हर ओढायचा. कार्बन डायऑक्साइडवाली मराठवाड्यात विसराच. त्याचा दाब तापमानावर ठरतो आणि ३१ अंशांवर तो द्रव राहतच नाही. आमच्याकडे ३१ अंश म्हणजे मार्चची सकाळ. उरली आजची पद्धत, नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरलेली साधी हवा. मोटरसायकलच्या टायरच्या शंभरपट!

ही आयात होतात. नावाजलेल्या नेमबाजांना सीमाशुल्कात सवलत आहे. नवशिक्याला ती कुठून मिळणार? ती मिळवायला स्कोअर हवा आणि स्कोअरला पिस्तूल हवं. नवीन लाखाच्या बरंच पुढे जातं, म्हणून मी ओळखीतून एक वापरलेलं बघितलं. चकचकीत, किंमत निम्मी. मूठ हातात घट्ट बसली, ट्रिगरचं ५०० ग्रॅमचं वजन टांगून तपासलं, तेही बरोबर. मी पैसे द्यायच्या बेतात होतो. रेंजवरचे सर म्हणाले, "अरे, आधी सिलिंडरवरची तारीख वाच." तारीख २०१२ ची निघाली. या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं, त्यानंतर स्पर्धेत ते चालत नाही, आणि चालत नाही ते कारणाशिवाय नाही. गोळी झाडताना ते आपल्या तोंडासमोर हातभर अंतरावर असतं. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मी विचारलं नाही.

शेवटी पिस्तूल तेच घेतलं, नव्या सिलिंडरचे पैसे वजा करून. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. सरांनी पहिला महिना छर्राच दिला नाही, कोऱ्या भिंतीसमोर नुसता ट्रिगर दाबायचा.

नवीन सिलिंडर घरी आला तेव्हा आईने तो हातात घेऊन उलटसुलट केला, चष्मा लावून त्यावरची तारीख वाचली आणि म्हणाली, "आपल्या गॅसच्या टाकीवर पण असते की अशी. मी दरवेळी बघूनच घेते. तू कधी बघितलीस का?"