जमील, खालिद
(२१ एप्रिल १९७७ – ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म कुवेतमध्ये; कारकीर्द मात्र मुंबईच्या मैदानांवर घडली. मधल्या फळीतील खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी या संघांकडून ते खेळले. २००९ मध्ये मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले आणि अनेक वर्षे तुटपुंज्या साधनांवर त्यांनी हा संघ उभा ठेवला. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आदल्याच हंगामात हा संघ तळाजवळ घसरला होता. मोहन बागान, बंगळुरू यांसारख्या धनाढ्य क्लबांना त्याने मागे टाकले. भारतीय क्लब फुटबॉलमधील ही सर्वांत थोर कामगिरी म्हणावी लागेल. पुढे ते नॉर्थईस्ट युनायटेड व जमशेदपूर या संघांचेही प्रशिक्षक होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी भारताने मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.