‘ताप’ या रकान्यात दडलेली माणसं

पीएच.डी.चा विषय काय, असं कुणी विचारलं की मी आधी चाचरते. ‘जुन्या चांदा जिल्ह्यातल्या मृत्यूनोंदीचा इतिहास’ असं सांगितलं की समोरचा एक तर विषय बदलतो किंवा जन्म-मृत्यूचा दाखला लवकर कसा मिळेल ते विचारतो. म्हणून आज थोड्या वेगळ्या वाटेने जाऊ. एका कादंबरीपासून सुरुवात करते.

नील शुस्टरमन या अमेरिकन लेखकाची ‘सायद’ ही किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २०१६ मध्ये आली. तिच्या पुढचे दोन भागही आहेत. कादंबरीतल्या जगात मरण संपलेलं आहे. रोग नाही, म्हातारपण मागे फिरवता येतं, गच्चीवरून पडून मेलेला माणूस दोन-चार दिवसांत उठून घरी जातो. पण लोकसंख्या तर आवरायला हवी. त्यासाठी काही निवडक माणसांना मारण्याचा अधिकार दिलेला आहे. त्यांचं नाव ‘सायद’, म्हणजे पीक कापायचा लांब दांड्याचा विळा. त्यांच्या मारण्याला मारणं म्हणत नाहीत. त्यासाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे सरवा वेचणं. आपल्याकडच्या धानपट्ट्यात कापणी झाल्यावर बांधीत पडलेल्या लोंबी वेचतात ना, तेच.

या कादंबरीतला फॅराडे नावाचा सायद मला संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कुणाला मारायचं हे तो जुन्या, मर्त्य काळातल्या आकडेवारीवरून ठरवतो. तेव्हा इतके टक्के लोक वाहन अपघातात मरत, त्यात दारू पिऊन गाडी चालवणारी तरुण मुलं इतकी, म्हणून आज त्या प्रमाणात एक मुलगा निवडायचा. त्याला हा न्याय वाटतो, कारण निसर्ग जसा वागला असता तसंच तो वागतोय. शिवाय प्रत्येक सायदला रोजनिशी लिहावीच लागते. कुणाचंही मरण नोंदीवाचून राहत नाही.

वाचताना माझं डोकं भलतीकडेच गेलं. या फॅराडेला चांदा जिल्ह्याची आकडेवारी दिली असती तर?

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. इंग्रजांच्या काळात हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि तिथे जन्म-मृत्यूची नोंद गावच्या कोतवालाकडे होती. तो ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात जायचा आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचा. ठाण्यातला कारकून ते लिहून घ्यायचा. मरणाचं कारण मोजक्या रकान्यांत बसवायचं असे: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि ‘इतर सर्व’. नंतर प्लेग आला, श्वसनाचे विकार आले, तेव्हा त्यांचेही रकाने वाढले. पण वर्षानुवर्षं सगळ्यात फुगलेला रकाना तापाचाच.

ताप म्हणजे काय? हिवताप असेल, विषमज्वर असेल, न्यूमोनिया असेल. सिकलसेलच्या रुग्णाचं अंग दुखून फणफणणं असेल. बाळंतरोग तर असणारच. अंग तापलेलं होतं आणि माणूस गेला, एवढंच कोतवालाला ठाऊक असायचं. त्यात त्याची चूक काही नाही. तो डॉक्टर नव्हता, बहुतेकदा त्याला लिहिता-वाचताही येत नसे. आणि आपल्या बाजूच्या कित्येक गावांत कोतवाली महारांकडे असायची. ज्या घराचा उंबरा ओलांडायची त्याला मुभा नव्हती, त्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत काय घडलं हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? आरोग्यखात्याच्या छापील तक्त्यांमध्ये दशांश चिन्हानंतरचे आकडे दिसतात तेव्हा मला हा दाराबाहेर उभा असलेला माणूस आठवतो. दशांश चिन्ह त्याच्या ऐकीव माहितीवर उभं आहे.

मोठं संकट आलं की ही व्यवस्था कशी वागते, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात दिसतं. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि मध्य प्रांत हा सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. नोंदवहीत इन्फ्लुएन्झाला रकाना नव्हता. मरणं गेली तापात. मग अधिकाऱ्यांनी काय केलं, तर आधीच्या वर्षांची तापाची सरासरी काढली, ती त्या वर्षीच्या आकड्यातून वजा केली आणि उरलं ते साथीच्या नावावर टाकलं. म्हणजे इन्फ्लुएन्झाचे बळी आपल्याला वजाबाकीतून कळतात. पद्धत तशी हुशारीचीच आहे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की दरवर्षी होणारी तापाची ‘सरासरी’ मरणं ही नेहमीचीच, त्यांचा हिशेब मागायचं कारण नाही.

माझं सगळं संशोधन या ‘सरासरी’भोवती फिरतंय म्हटलं तरी चालेल. साथ दिसते, दुष्काळ दिसतो. १८९६ ते १९०० च्या दोन दुष्काळांनंतर १९०१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली, त्यामुळे ते मृत्यू झाकता येणं शक्यच नव्हतं. पण दर पावसाळ्यात, दर गावात एक-दोन, एक-दोन करत जी मुलं जातात, ती कुठल्याच तक्त्यात उठून दिसत नाहीत.

सरकारी वही सोडून मरणाची दुसरी कुठली नोंद या जंगलात होती का? होती, आणि अजून आहे. भामरागडच्या बाजूला गेलात तर माडिया गावांच्या बाहेर, वाटेच्या कडेला उभे दगड दिसतील. मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ ते उभारलेले असतात. पलीकडच्या बस्तरमधल्या अशाच दगडांचं वर्णन डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ च्या ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ या पुस्तकात केलं आहे. दगडावर नाव नसतं, तारीख नसते, कारण तर नसतंच. तो कुणाचा हे गाव सांगतं, आणि सांगणारं माणूस आहे तोवरच सांगतं. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे साधन वापरायला महाकठीण. पण ठाण्यातल्या वहीत कारण आहे आणि माणूस नाही, इथे माणूस आहे आणि कारण नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता थेट १९८६ मध्ये येऊ, कारण खरा बदल तिथून सुरू होतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग त्या वर्षी गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांच्या कामावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, बहुतेक ‘सेवा’ या शब्दाभोवती. मला स्वतःला ते थोडं खटकतं. त्यांनी आधी जे केलं ते मोजणीचं काम होतं, आणि ते सेवेपेक्षा कमी मोलाचं नाही. निवडलेल्या गावांत जन्म-मृत्यूची नोंद गावातलाच कार्यकर्ता ठेवायचा. शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्रपणे विचारलं जायचं आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या जायच्या. एकातून निसटलेलं मूल दुसरीत सापडायचं. कारण शोधण्यासाठी मृत्यूनंतर आईला तपशिलात विचारायचं: बाळ रडलं का, दूध ओढत होतं का, श्वास कसा होता, छाती आत जात होती का. म्हणजे कोतवाल ज्या उंबऱ्याबाहेर थांबत होता तो ओलांडून आत जायचं आणि तिथल्या बाईलाच विचारायचं. ‘ताप’ नावाचं गाठोडं असं सुटलं.

१९९३ ते ९५ मध्ये या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे ६२ पहिल्या महिन्यातच जात होती. पुढच्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ मध्ये, ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली गेली. ही नोंद ठेवणाऱ्या गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाया, ज्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या वर्षी ४० बाळं गेली. निम्म्याच्या आसपास मृत्यूंमागे जंतुदोष होता. आजारी बाळांपैकी अगदी थोड्यांना डॉक्टर मिळाला. त्यानंतर याच आरोग्यदूतांनी बाळाचं वजन करणं, ताप बघणं, उबेत ठेवणं, श्वास अडकलेल्या बाळाला हवा देणं आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं सुरू केलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ पासून आशाताईंमार्फत घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा देशभरचा सरकारी कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

त्या ४० बाळांपाशी मी अजून अडते. आधी वर्षभर नुसती नोंद आणि मग उपचार, या क्रमाबद्दल आमच्या विभागात वाद होतात आणि व्हायलाही हवेत. माझं मत असं, की त्या वर्षाआधीही तेवढीच बाळं जात होती, आणि ती कशाने जातात हे कळल्याशिवाय आरोग्यदूताच्या पिशवीत नेमकं काय ठेवायचं हे ठरलं नसतं. पण हे मत मी एखाद्या त्यातल्या आईसमोर मांडू शकेन का? नाही मांडू शकणार.

२००१ मध्ये महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी मिळून अशीच मोजणी केली. तिचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ नावाने आला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी दप्तरातला आकडा याच्या कितीतरी खाली होता. विधिमंडळ, न्यायालय, वर्तमानपत्रं सगळीकडे गदारोळ झाला आणि शेवटी शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यूंसाठी समिती नेमली.

इतकी मरणं निसटतात कशी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लोकांना वाटतं मुद्दाम लपवत असतील. तेही होतं. पण बरंचसं फॉर्ममध्येच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली, जो आपल्याकडे १९७० पासून लागू आहे, तीन वेगळे फॉर्म असतात: जन्माचा, मृत्यूचा आणि मृतजन्माचा. पोटातच मेलेल्या बाळाचा एक फॉर्म. बाळ एकदा जरी रडलं, एकदा जरी श्वास घेतला, तर तो जिवंत जन्म. मग ते दहा मिनिटांनी गेलं तरी दोन फॉर्म, एक जन्माचा, एक मृत्यूचा. शिवाय वरून विचारणा. घरातली माणसं तर तोवर बाळाला पुरून आलेली असतात. बारसं झालेलं नसतं, त्यामुळे हाक मारायला नाव नसतं, आणि दाखला काढून करायचं तरी काय? जन्म नावाशिवाय नोंदवता येतो, नाव नंतर घालता येतं, अशी सोय कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. पण ती सोय पुढे जगणार असलेल्या बाळासाठी. अशा वेळी नोंद करणाऱ्याच्या हातात एक फॉर्म आणि दोन फॉर्म यांतली निवड असते, आणि बाळ रडलं होतं की नाही हे फक्त आईला आणि सुईणीला माहीत असतं.