मौजा कोणता?

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एखाद्या आयरिश घराण्यात मूळ पुरुषाविषयी जी माहिती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती बहुधा तीन वाक्यांत संपते: तो आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात आला, कॉर्कहून आला, आणि तिघा भावांपैकी एक बोटीवरच वारला. यांतील पहिले वाक्य कित्येकदा दहावीस वर्षांनी चुकलेले असते, दुसऱ्यात बोटीवर चढण्याचे बंदर आणि जन्मभूमी यांची गल्लत झालेली असते, आणि तिसऱ्या भावाचा तर कोठे मागमूसही लागत नाही. तथापि कुलशोधकाला आरंभ करावा लागतो तो या वाक्यांपासूनच, कारण त्याच्या पदरी दुसरे भांडवल नसते. आयर्लंडात माणसाचा माग जिल्ह्यावरून लागत नाही, तो मौज्यावरून लागतो. आपल्याकडील मौज्याची आठवण व्हावी असा जो सर्वांत लहान विभाग तेथे आहे, ज्यात कधी पाचपंचवीस घरे असतात तर कधी एकही नसते, असे साठ हजारांहून अधिक मौजे त्या लहानशा बेटावर असून एकेक नाव अनेक ठिकाणी आढळते. पणजीच्या तोंडचे ते नाव नातवंडांनी कानाआड केले, की पुढचा सगळा शोध तेथेच अडतो.

आयरिश कागदपत्रांचा विषय निघाला की आगीचा विषय निघतोच. १९२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनशी झालेल्या तहाविरुद्ध उठलेल्या पक्षाने डब्लिनमधील फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत काबीज केली, २८ जून रोजी नव्या आयरिश सरकारच्या तोफा तिच्यावर चालू लागल्या, आणि ३० जूनच्या प्रचंड स्फोटानंतर भडकलेल्या आगीत तेथील सरकारी दफ्तरखान्याची कोठी भस्मसात होऊन कित्येक शतकांची मृत्युपत्रे, निवाडे आणि खानेसुमारीचे रुमाल एका दिवसात नाहीसे झाले. अर्धवट जळालेले कागद वाऱ्याने उडून शहरभर पडत होते. त्यातही दैवाची थट्टा अशी की, हर्बर्ट वुड नामक अधिकाऱ्याने अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, त्या संग्रहाची तपशीलवार सूची छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे काय काय गेले एवढे मात्र चोख सांगता येते.

पण सारा दोष आगीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आगीत गेली ती १८२१ पासून १८५१ पर्यंतची चार खानेसुमारी-दफ्तरे, आणि त्यांतलेही काही तुकडे वाचले. १८६१ व १८७१ ची मूळ पत्रके, आकडेवारी काढून घेतल्यावर ठेवायची कशाला म्हणून, सरकारी हुकुमानेच नष्ट करण्यात आली. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. म्हणजे आज सबंध अशी पहिली खानेसुमारी मिळते ती १९०१ ची, आणि निम्मा संहार शांततेच्या काळात, रीतसर मंजुरीने, कोणी दुखवटा न पाळता पार पडला होता. उलट बाजूनेही एक चमत्कार आहे. राज्यमान्य प्रॉटेस्टंट चर्चची कित्येक जन्मविवाहांची पुस्तके सुरक्षिततेसाठी म्हणून या दफ्तरखान्यात आणून ठेवलेली होती, ती बहुतेक सारी जळाली. कॅथॉलिक पाद्र्यांच्या वह्यांशी सरकारला कर्तव्य नव्हते, त्या खेड्यापाड्यांतील ओलसर कपाटांत पडून राहिल्या आणि म्हणूनच वाचल्या.

या वह्यांतील बाप्तिस्म्याची एकेक नोंद म्हणजे जेमतेम एक ओळ. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव, दोघा धर्मपालकांची नावे, आणि पाद्री कामसू असला तर मौज्याचे नाव. भाषा पुष्कळदा लॅटिन. त्यामुळे घरात जेम्स म्हणून हाक मारलेला मुलगा वहीत जाकोबुस होऊन बसतो. शाई पुसट झालेली, पानाचा कोपरा कुरतडलेला, आणि जेथे नेमके गाव असावे तेथे मेणबत्तीचा डाग! अशा वेळी धर्मपालकांची नावे उपयोगी पडतात, कारण ते प्रायः मामा, आत्या किंवा चुलत नातलग असत. नावे ठेवण्याची रूढीही हाताशी येते: थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे, दुसऱ्याला आईच्या बापाचे नाव ठेवण्याचा प्रघात पुष्कळ कुटुंबांत असल्यामुळे, न्यूयॉर्कमधील मुलांच्या क्रमावरून समुद्रापलीकडच्या आजोबाच्या नावाचा अदमास बांधता येतो. अदमासच तो, पुरावा नव्हे.

उरलेले कागद जे आहेत, ते कोणाची आठवण राहावी म्हणून लिहिलेले नाहीत. १८२३ ते १८३७ च्या दरम्यान तयार झालेली दशमांशाची पुस्तके लिहिली गेली ती कॅथॉलिक कुळांकडूनही प्रॉटेस्टंट चर्चचा भाग वसूल करण्यासाठी. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ याने सबंध देशाची जी आकारणी केली, ती स्थानिक पट्टी बसविण्यासाठी. ग्रिफिथच्या पुस्तकांत घराच्या कर्त्याचे तेवढे नाव आहे. बायकोमुले, म्हातारी आई, शेतावरचा गडी यांचा पत्ता नाही. परंतु त्या आकारणीच्या पुढच्या फेरफारवह्या माझ्या मते आयरिश दफ्तरातील सर्वांत बोलका भाग होत. कूळ बदलले की जुन्या नावावर रेघ मारून वर नवे नाव लिहीत, आणि वेगवेगळ्या सालांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगांच्या शाईने करीत. बापाचे नाव खोडून विधवेचे, विधवेचे खोडून धाकट्या मुलाचे, आणि शेवटी सगळेच खोडून शेजारच्या घराशी जमीन जोडलेली, एवढे त्या पानावर दिसते. थोरला कोठे गेला हे वही सांगत नाही. ते सांगायला ती तीन वाक्ये लागतात.

सरकारने द्यायचे म्हटले तेव्हाही कागद झालेच. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले. परंतु जन्मनोंदणी सर्वांसाठी सुरू झाली ती १८६४ मध्ये, तेव्हा वयाचा दाखला आणायचा कोठून? म्हाताऱ्यांनी ६ जानेवारी १८३९ च्या महावादळाची साक्ष काढली. ज्याला ती रात्र आठवते तो सत्तरीचा, असे ठरू लागल्यावर आठवणाऱ्यांची संख्या विस्मयकारक रीतीने वाढली. १९०१ च्या खानेसुमारीतील कित्येक साठीचे लोक १९११ च्या खानेसुमारीत पंचाहत्तरीचे झालेले दिसतात. बाकीच्यांसाठी कारकुनांनी १८४१ व १८५१ ची पत्रके उलगडून त्यांतील नोंदींचे उतारे काढले. पत्रके पुढे जळाली, उतारे राहिले.

परदेशगमनाच्या टप्प्यावर तर अंधारच. अमेरिकन कायद्याने १८२० पासून उतारूंच्या याद्या होऊ लागल्या, पण त्यांत जुन्या काळी नाव, वय, धंदा आणि देश एवढेच, गाव नाही. मौजा नाही तरी निदान परगणा, म्हणजे पॅरिश, मिळावा, तर तो मिळतो लष्करी दफ्तरात: शिपायाच्या सुटीपत्रावर जन्माचा पॅरिश व जिल्हा यांचे रकाने छापलेलेच असत. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींतही आयरिश भरती पुष्कळ होती.  मात्र मौज्याचे नाव आपण होऊन लिहिले ते नातलगांनीच. बॉस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत: अमक्या पॅरिशचा अमका, अमक्या साली निघाला, शेवटी अमक्या लोहमार्गाच्या कामावर होता, बहीण वाट पाहते. दफ्तराला जे नको होते ते सारे बहिणीने पदरचे पैसे खर्चून छापले.

घराण्यातील कहाणीवर विश्वास किती ठेवावा याचा दाखला अ‍ॅनी मूरचा. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड उघडले तेव्हा पहिली उतरली ती क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, ‘नेव्हाडा’ बोटीने दोघा धाकट्या भावांसह आलेली ही कॉर्कची मुलगी. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे देण्यात आले. पुढे टेक्सासमधील एका कुटुंबाने, आणि अगदी प्रामाणिकपणे, ती आपली पूर्वज असल्याचे सांगितले. ती पश्चिमेस गेली, तेथेच तिचा संसार झाला आणि अपघातात तिचा अंत झाला, ही कथा सर्वांनी मानली. पुस्तकांत ती छापली गेली. २००६ मध्ये कागद पाहिले तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. खरी अ‍ॅनी कोठेच गेली नव्हती. ज्या धक्क्यावर उतरली त्याच्यापासून फारशी दूर नसलेल्या मॅनहॅटनच्या दाटीच्या वस्तीत तिने आयुष्य काढले, एका जर्मन वंशाच्या माणसाशी संसार केला, बरीच मुले लहानपणीच पुरली, आणि १९२४ मध्ये ती वारली. कोव्ह आणि एलिस आयलंड अशा दोन्ही तीरांवर तिचे पुतळे १९९३ पासून उभे होते. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २००८ मध्ये.