वॉशिंग मशीनचं बेअरिंग

सायकलच्या खेळातला माझा सर्वांत आवडता विक्रम म्हणजे तासाचा विक्रम. एकटा माणूस, गोल ट्रॅक, ब्रेक नाही की फ्रीव्हील नाही अशी सायकल आणि साठ मिनिटं. किती अंतर कापलंत ते सांगा, बास! १९७२ साली मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर कापले. १९८४ मध्ये तिथेच फ्रान्चेस्को मोझेरने ५१.१५१. मोझेरच्या दिमतीला डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते, सायकलला भरीव चकतीची चाकं होती.

आणि मग आला ग्रेम ऑब्री. स्कॉटलंडच्या एअरशायरचा. सायकलचं दुकान बुडालेलं, डोक्यावर कर्ज. याने ठरवलं, मोझेरला मागे टाकायचं, आणि सायकलही स्वतःच बनवायची.

या सायकलबद्दल जितकं वाचतो तितकी मजा वाटते. ऑब्रीचं म्हणणं असं, की नेहमीच्या सायकलवर दोन पाय एकमेकांपासून उगाच लांब पडतात. मध्ये एका केळ्याएवढं अंतर पुरे. पण पाय जवळ आणायचे तर पेडल ज्यावर फिरतं तो मधला ॲक्सल अरुंद हवा, आणि तसला तयार कुठे मिळणार? वॉशिंग मशीनमधली बेअरिंग इतक्या वेगाने फिरतात म्हणजे चांगलीच असणार, असा विचार करून त्याने तीच काढून बसवली! मग गुडघे वरच्या दांडीला घासायला लागणार, म्हणून दांडीच काढून टाकली. क्रँकला वाट हवी म्हणून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्याही आडव्या ठेवल्या नाहीत. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलावी लागते, हे जुन्या सायकलींशी खटपट करणाऱ्या कुणालाही पटेल. बाकी सगळा पोलादी सांगाडा. नाव 'ओल्ड फेथफुल'. त्यावर हात छातीखाली दुमडून, खांदे हँडलवर टेकवून तो बसायचा. दिसायला विचित्र, पण वारा कापायला उत्तम.

१६ जुलै १९९३. नॉर्वेतलं हामार. पहिला प्रयत्न खास बनवून घेतलेल्या प्रतिकृतीवर, आणि तो फसला. कुणीही घरी गेला असता. याने दुसऱ्याच दिवशी पुन्हा उतरायचं ठरवलं. रात्री पाय आखडू नयेत म्हणून भरपूर पाणी पिऊन झोपला. लघवीला उठावं लागेल, तेव्हा पाय ताणून घ्यायचे! सकाळी स्वतःची जुनी 'ओल्ड फेथफुल' घेऊन उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर करून दाखवले. मोझेरपेक्षा ४४५ मीटर जास्त. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने ते मोडलं, १९९४ च्या एप्रिलमध्ये ऑब्रीने परत मिळवलं, ते असो.

खरी गंमत पुढे आहे. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने १९९४ मध्ये त्याची बसण्याची पद्धतच बेकायदा ठरवली. मग त्याने उलटं केलं: हात सुपरमॅनसारखे पुढे ताणले, १९९५ मध्ये बोगोटाला जगज्जेताही झाला. संघटनेने पुढे तेही बंद केलं. पण बंद व्हायच्या आधी, १९९६ मध्ये, त्याच सुपरमॅन पद्धतीने बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटर कापले.

२००० साली संघटनेने तर मर्क्सनंतरचे सगळे विक्रम 'वेगळ्या वर्गात' टाकले. खरी सायकल कोणती, हे ठरवायला मर्क्सचीच सायकल का, हे मला कधी कळलं नाही. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल केले, आणि बोर्डमनच्या ५६.३७५ च्या पुढे जायला २०२२ उजाडावं लागलं: फिलिपो गान्ना, ५६.७९२.

वॉशिंग मशीनचा किस्सा सांगितल्याचा ऑब्रीला पुढे पश्चात्ताप झाला म्हणे. कारण मुलाखत घ्यायला येणारा प्रत्येक जण तेवढंच विचारायचा. घ्या! आणि मीही शीर्षकात तेच टाकलंय.