साउने वेलची

साउने हा मोठ्या वेलचीचा (शास्त्रीय नाव: अमोमम सुब्युलेटम) एक पारंपरिक वाण आहे. पूर्व हिमालयातील सिक्कीम व दार्जिलिंग परिसरात त्याची लागवड होते. महाराष्ट्रात मोठी वेलची 'मसाला वेलची' या नावाने परिचित आहे.

नाव
नेपाळी पंचांगातील साउन, म्हणजे श्रावण, या महिन्यावरून हे नाव पडले. कमी व मध्यम उंचीवर ऑगस्टच्या सुमारास या वाणाची फळे काढणीस येतात.

लागवड
ओलसर डोंगरउतारांवर उतीस वृक्षांच्या सावलीत हे पीक घेतले जाते. उतीसाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. फुले बुंध्याजवळ, जमिनीलगत येतात व त्यांचे परागीभवन मुख्यतः भुंगे करतात. पारंपरिक पद्धतीत फळे लाकडाच्या जाळावरील भट्टीत वाळवतात. त्यामुळे त्यांना काळपट रंग व धुरकट वास येतो.

रोग
हा वाण चिरके व फुर्के या दोन्ही विषाणूजन्य रोगांना बळी पडतो. चिरके रोगात पानांवर फिकट रेषा उमटतात, तर फुर्के रोगात खुजे, फळ न धरणारे फुटवे येतात. हे रोग मावा किडीमुळे, तसेच रोगट बेटांतून घेतलेल्या कंदांमुळे पसरतात. बियांपासून वाढवलेली रोपे सुरुवातीस विषाणूमुक्त असतात; मात्र परपरागीभवनामुळे त्यांत मूळ वाणाचे गुण टिकतीलच असे नाही. त्यामुळे रोगट झाडे उपटून नष्ट करणे व निरोगी बेटांतूनच कंद घेणे, हे वाण जपण्याचे प्रमुख उपाय आहेत.