मींडेची कमान : मुद्रित स्वरलिपीतील विसंगतीचा अर्थ

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीत कमान दोन ठिकाणी येते. स्वरांच्या वर असली म्हणजे मींड. खाली असली म्हणजे त्या स्वरांची मिळून एक मात्रा. 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत निघाली, शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि पुढे हाथरसहून हिंदी आवृत्त्या आल्या. अशा प्रवासात एकाच स्वरसंगतीवर एके ठिकाणी कमान असेल व पुनरावृत्तीत नसेल, तर अभ्यासकाने काय समजावे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

पाश्चात्त्य पियानोसंगीताच्या संपादकांना हाच प्रश्न फार पूर्वी पडला. मोझार्टच्या हस्तलिखितांत कमान पुष्कळदा मात्राखंडाच्या रेघेपाशी थांबते. एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी अशा तुटक कमानी आपल्या काळाच्या रुचीप्रमाणे सांधून लांब केल्या. शोपँच्या रचना पॅरिस, लाइपझिग व लंडन येथे स्वतंत्रपणे छापल्या गेल्या आणि तिन्हींतील कमानी ठिकठिकाणी जुळत नाहीत. बेथोव्हेनने तर १८२५ मध्ये कार्ल होल्ट्सला पत्र लिहून, नकलताना कमानी जशाच्या तशा उतरवाव्यात, अशी ताकीद दिली. (ते प्रकरण तंतुवाद्यचतुष्काचे होते, पियानोचे नव्हे, पण तक्रार तीच.)

साम्य मात्र संपादनापुरतेच धरावे. पियानोवर दोन स्वरांच्या मधली जागाच नसते. तेथील कमान बोटांचा स्पर्श सांगते. मींड त्या मधल्या जागेतूनच जाते. म्हणून आपल्याकडे कमान गळणे अधिक गंभीर, कारण तेथे रागाचे चलनच बदलू शकते.

ती गळण्याची कारणे सर्वस्वी सांगीतिक असतीलच असे नाही. खिळे जुळवून होणाऱ्या छपाईत अक्षरावरील जागा तोकडी. तार सप्तकाचा बिंदू, तीव्र मध्यमाची उभी रेघ, कणस्वर हे सारे तेथेच. त्यांवर कमान बसविणे जुळाऱ्याला कष्टाचेच. भरीस दुसरी लिपी. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत स्वरावरील बिंदू मंद्र सप्तक दाखवितो व उभी रेघ तार सप्तक. एका लिपीतून दुसरीत उतरविताना कोठे चूक संभवते, हे यावरून ध्यानी यावे.

कारण लेखनाच्या हेतूतही आहे. या बंदिशी मुखोद्गत परंपरेतून टिपलेल्या. प्रथम ओळीत मींड दाखविली की तालीम घेतलेला गायक पुढे ती आपोआप घेई. आज महाविद्यालयीन वर्गात पुस्तक हाती येते, तालीम पुष्कळदा येत नाही. मग कमान नाही म्हणजे स्वर सुटा, असे वाचन रूढ होते. हे वाचन मला अग्राह्य वाटते. परंतु नव्या आवृत्तीत सर्वत्र गुपचूप कमानी भरणेही तितकेच घातक, कारण मूळ पुरावाच त्यामुळे पुसला जातो. पाश्चात्त्य मूलपाठ-आवृत्त्यांत संपादकाने घातलेली कमान तुटक रेषेने दाखविण्याची प्रथा आहे. संगणकीय अक्षरजुळणीत ती आपल्याकडेही सहज साधेल. जेथे रागाचे चलन, समांतर ओळ व पूर्वीची आवृत्ती ही तिन्ही प्रमाणे जुळतात, तेथेच तुटक कमान द्यावी आणि अन्यत्र छापील जागा तशीच रिकामी ठेवावी.