मुशी, दहशत आणि धोका

'धोका' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे, पण अर्थ एक नाही. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता, उर्दूत धोका म्हणजे फसवणूक. संकटाला उर्दूत 'खतरा' म्हणतात. दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. शार्क, म्हणजे आपल्या कोकणातल्या मुशीच्या कुळातला मासा, याचा इतिहास वाचताना मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. समुद्रात खतरा किती होता आणि माणसाने स्वतःची फसवणूक किती केली, याचीच ती हकीकत आहे.

सुरुवात बेफिकिरीपासून होते. १८९१ मध्ये हर्मन ओलरिक्स या अमेरिकन धनिकाने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून ५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. केप हॅटरसच्या उत्तरेकडील थंड समुद्रात शार्कने जिवंत माणसावर हल्ला केल्याचा खात्रीलायक पुरावा कोणीही आणावा, अशी अट होती. बक्षीस कोणीच नेले नाही. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की असे कधी घडतच नाही. मोठमोठे तज्ज्ञही याच मताचे होते. न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक ल्यूकस यांच्या मते माणसाच्या पायाचे हाड तोडण्याइतकी ताकद शार्कच्या जबड्यात नव्हती.

मग १९१६ चा जुलै उजाडला. १ जुलैला न्यू जर्सीतल्या बीच हेवन येथे पोहणाऱ्या एका तरुणाला शार्कने चावा घेतला. अति रक्तस्रावाने तो गेला. किनारे उघडेच राहिले. ६ जुलैला सुमारे ७० किलोमीटर उत्तरेला स्प्रिंग लेक येथे एका हॉटेलचा कर्मचारी मारला गेला. १२ जुलैला तर मटावान गावातल्या खाडीच्या अरुंद फाट्यात हल्ला झाला. त्या दिवशी एका निवृत्त कप्तानाने पुलावरून पाण्यात मोठी सावली जाताना पाहिली आणि गावात धावत जाऊन सांगितले. लोक त्याला हसले. खाडीत शार्क कुठला? थोड्याच वेळात ११ वर्षांचा एक मुलगा आणि त्याला शोधायला उतरलेला एक तरुण असे दोघे गेले. आणखी एक मुलगा जखमी होऊन वाचला. बारा दिवसांत चार मृत्यू झाले.

त्यानंतर बेफिकिरीची जागा एका रात्रीत दहशतीने घेतली. माणसे बंदुका आणि सुरुंगाची दारू घेऊन खाडीवर आली. दिसेल तो शार्क मारला जाऊ लागला. विषय थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. १४ जुलैला जवळच्या उपसागरात एक पांढरा शार्क पकडला गेला आणि त्याच्या पोटात मानवी अवशेष सापडल्याचे सांगण्यात आले. पण सगळे हल्ले त्याच एका माशाने केले की खाडीतला मासा वेगळा, बुल शार्क होता, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओची साथ होती. त्या साथीने एकट्या न्यूयॉर्कमध्ये २,००० हून अधिक जीव घेतले, त्यांतली बहुतेक लहान मुले. शार्कचे बळी चार. तरीही लोकांच्या आठवणीत शार्क राहिला. ज्याला दात आहेत, ज्याचे चित्र काढता येते, त्याचीच भीती मनात घर करते.

१९७५ च्या 'जॉज' या चित्रपटाने हे चित्र जगभर नेले. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या पीटर बेंचली यांनी पुढे उरलेले आयुष्य शार्कच्या संरक्षणाच्या कामात घालवले. सूड घेऊनही फारसे हाती लागले नाही. हवाईत १९५९ ते १९७६ या काळात सरकारी मोहिमांत साडेचार हजारांहून अधिक शार्क मारले गेले. हल्ल्यांचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे दिसले नाही.

आज जगभरात शार्कचे विनाकारण चावे वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदले जातात. मृत्यू सरासरी पाच-सहा. चावा बसणाऱ्यांत लाटांवर फळी घेऊन खेळणारे सर्फर मोठ्या संख्येने असतात. उलट माणूस दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो. कोकणच्या बाजारात मुशीचे तुकडे पाहणाऱ्याला हिशोब कुठे झुकतो हे सांगायला नको.

पण या सरासरीचाही धोका होऊ शकतो, उर्दूतल्या अर्थाने. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २०११ ते २०१९ या काळात शार्कच्या हल्ल्यांत ११ जण गेले. २०१३ पासून तिथे सुरक्षित पट्ट्याबाहेर पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंदी आली. तिथल्या सर्फरला जगाची सरासरी ऐकवून काय उपयोग? धोका जागेप्रमाणे, वेळेप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतो. म्हणून जाणकार सांगतात ते साधेच आहे. पहाटे आणि संध्याकाळी अंधुक उजेडात उतरू नका. गढूळ पाणी, नदीचे मुख आणि जिथे मासेमारी चालू आहे ती जागा टाळा. एकटे जाऊ नका. चावा बसलाच तर सर्वांत आधी रक्त थांबवा, कारण बहुतेक वेळा जीव रक्तस्रावाने जातो. आणि स्थानिक माणूस काही सांगत असेल तर मटावानकरांसारखे हसू नका.

आपल्या किनाऱ्यावर हा शेवटचा सल्ला सर्वांत मोलाचा आहे. इथे माणसाला गिळते ती मुशी नव्हे, भरती-ओहोटी आणि पाण्याची ओढ. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या समुद्राला दात नव्हते, म्हणून त्यावर चित्रपट निघाला नाही. सहलीची परवानगी देताना पालक विचारतात, जेवण काय, मुक्काम कुठे, परत कधी. ओहोटी किती वाजता लागते आणि किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, हे दोन प्रश्नही त्या यादीत असायला हवेत.